इंजिनाच्या पोटातली काशाची वाटी

मु. कल्याण, बंदरावरची वखार
वैशाख वद्य पंचमी, शके १८१०

राजमान्य राजेश्री विठ्ठलराव दादासाहेब, मुक्काम ठाणे, यांचे सेवेसी

हरिहरचे साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती, वहिनींचा खोकला आणि कचेरीतल्या नव्या साहेबाचा आपल्यावरचा लोभ, या तिन्ही गोष्टी जशा असाव्यात तशा असतील अशी आशा आहे. इकडे मी सुखरूप आहे. बायजा आत्याही सुखरूप आहेत, पण तसे कबूल करत नाहीत. आमची मंडळी, म्हणजे आपली धाकटी बहीण, सध्या आपल्याच घरी असल्यामुळे तिची खुशाली मी आपणास कळवावी की आपण मला, याबाबत रिवाज काय आहे ते मला ठाऊक नाही. बरी असेलच. जेवते ना? (हे सहज विचारले.)

पहिल्यानेच एक गैरसमज दूर करतो. तिने परत यावे म्हणून मी हे पत्र लिहीत आहे असे कोणास वाटेल, तर तसे मुळीच नाही. ती आपल्या माहेरी गेली, शेजारच्या हौसाबाईंना सोबत घेऊन आगगाडीत बसली, निघताना मला काही बोलली नाही, हे सर्व तिच्या मर्जीचे आहे आणि मी त्यात पडत नाही. हे पत्र केवळ एका काशाच्या वाटीबद्दल आहे. त्या वाटीची हकीकत आपल्या कानावर एका बाजूने आलीच असेल. दुसरी बाजू मांडण्याचा हक्क तर कचेरीत चोरालाही असतो, हे आपणच मला सांगितले आहे. (मी चोर आहे असे येथे म्हणायचे नाही.) आणखी एक विनंती. आलेले पत्र आपण ओटीवर बसून, दस्तऐवज वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचता, आणि माजघरापर्यंत सगळी माणसे कान देऊन ऐकतात, हे मी जाणतो. म्हणून जेथे मनात वाचायचे आहे तेथे मी कंसात तशी सूचना केली आहे. सूचना मात्र मोठ्याने वाचू नयेत.

गेल्या दसऱ्याला मी मुंबईच्या लिलावात वाफेचे इंजिन आणि त्यावर चालणारी गोल करवत घेतली, हे आपणास ठाऊक आहेच. (आपण त्या वेळी घेऊ नका म्हणाला होता. तो सल्ला मी विसरलेलो नाही. फक्त ऐकला नाही.) लिलाव पुकारणाऱ्याने इंजिनाच्या रंगाची, मोठ्या चाकाची आणि पितळी शिट्टीची तोंड भरून तारीफ केली. आवाजाबद्दल तो काही बोलला नाही, कारण इंजिन बंद होते. मी घरी येऊन वखारीतल्या हातकरवतीवाल्यांना नारळ दिला आणि बाजारपेठेत भेटेल त्याला थांबवून सांगितले, की यापुढे मुरबाड-शहापुराकडून येणारा सागवान माझ्या वखारीत लोण्यासारखा कापला जाईल. जे थांबले नाहीत त्यांच्याबरोबर थोडे चालत जाऊन सांगितले. एका मयताच्या मंडळींनाही सांगितले असा माझ्यावर आरोप आहे. तो खोटा आहे; ते परत येत होते.

पुढे इंजिन चालू झाले आणि सारे बंदर हादरू लागले. त्याचे कारण मी आपणास सोपे करून सांगतो, कारण पुढचे सारे रामायण त्यावरच आहे. इंजिनाच्या पोटात एक बाकदार लोखंडी दांडा असतो. तोच सगळे चाक फिरवतो. हा दांडा दोन्ही टोकांना पितळेच्या खोबणीत बसून फिरतो, आणि त्या खोबणीला साहेबलोक बेरिंग म्हणतात. दांडा आणि बेरिंग यांचे एकमेकांवर घट्ट बसणे हीच इंजिनाची खरी तब्येत. आमच्या इंजिनाचे एका टोकाचे बेरिंग आधीच्या मालकाकडेच झिजून गेले होते, आणि दांडा त्यात असा सैल झाला होता की मध्ये चवलीचे नाणे सरकवावे. त्यामुळे दांडा फिरण्याऐवजी आपटे, तो आपटला की पट्टा थरथरे, आणि करवत लाकडात शिरली की सरळ फळीऐवजी नागमोडी फळी बाहेर पडे. खाडीपलीकडच्या कोन गावच्या गणू नाखव्याने पावसाळ्यापूर्वी नवी होडी पाण्यात टाकायची म्हणून माझ्याकडे फळ्या सांगितल्या होत्या. त्याने पहिली फळी हातात घेतली, डोळ्यासमोर धरली, आणि म्हणाला, "शेट, लाटा आमचे खाडीत हायेत. त्या लाकडान कशाला घालता?" आणि पिचकारी टाकून निघून गेला.

इंजिनावर मी काळुराम मिस्त्री नेमला आहे. इंजिनातले मला सर्व काही कळते, असे त्याने नोकरीस लागताना सांगितले होते. त्याला शिट्टी वाजवता येते, हे खरे. बाकीचे इंजिन त्याच्या दृष्टीने शिट्टीला धरून ठेवण्यासाठी केलेले आहे. त्याने दांड्याकडे पाहिले, मान हलवली, आणि म्हणाला, "मना बगू द्या शेट. कायबी नाय, दांडा जरा ढिला झालाय. चामडं घातला का कसा चिकटून बसंल!" मला ते पटले. माझा जुना पुणेरी जोडा फाडून, त्याची पट्टी एरंडेलात भिजवून, आम्ही ती दांड्याभोवती गुंडाळली आणि बेरिंग आवळले. थोडा वेळ खरोखर शांतता झाली. मी समाधानाने पान तोंडात घातले, आणि ते चावून होण्याच्या आत इंजिनातून असा वास सुटला की बंदरावरचे हमाल नाकाला मुंडासे लावून पळाले. तेवढ्यावर भागले नाही. जळक्या चामड्याचा धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात गेला, आणि आत्या नुकत्याच सोवळे नेसून चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा स्नान केले. वाऱ्याने पुन्हा धूर आणला, त्यांनी पुन्हा स्नान केले. शेवटी विहिरीवरच राहते म्हणाल्या. त्या करवतीवर कापलेला नवा पाट मी आत नेला, तर चामड्याच्या इंजिनाचा पाट म्हणून तो आजतागायत अंगणात पडून आहे आणि त्यावर कोंबड्या बसतात. हे सर्व निस्तरताना आपल्या बहिणीने एका शब्दाने मला दोष दिला नाही. फक्त मला ताक देताना मीठ घातले नाही.

दुसरी युक्ती माझी स्वतःची होती. घासलेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मी त्याचे वेटोळे बेरिंगमध्ये बसवले. चामडे जळते, पत्रा जळत नाही, हा त्यातला विचार होता, आणि तो अजूनही मला चुकीचा वाटत नाही. पत्रा जळला नाही. तो बाहेर आला. दांड्याने त्याला दोनचार वेढे दिले आणि मग गोफणीतून धोंडा सुटावा तसा सोडला. वाटेत त्याने काळुरामच्या मुंडाशाचा शेमला साफ उडवला, कुंपण ओलांडले, आणि हौसाबाईंच्या अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या पापडांतून आरपार गेला. माणूस कोणी दुखावला नाही. पापडांचे मात्र असे सरळ, सुबक तुकडे झाले की करवतीनेही इतके सरळ काम कधी केले नव्हते, आणि हे मी कौतुकाने हौसाबाईंना बोलून दाखवले. तेथे माझे चुकले. तेव्हापासून हौसाबाई आमच्या घरात माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून बसू लागल्या. आपल्या बहिणीला ठाण्याला पोचवायला त्या इतक्या तत्परतेने का निघाल्या, ते आता आपल्या ध्यानात आले असेल.

आता वाटीकडे येतो. (पाणी पिऊन घ्यावे.) उन्हाळ्यात आत्यांच्या तळपायांची आग होते, आणि दिवेलागणीनंतर आपली बहीण त्यांच्या तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने चोळत बसते, हा आमच्या घरचा नेम आहे. त्या दिवशी पत्र्याच्या प्रकरणाने मी डोके धरून ओसरीवर बसलो होतो आणि माझी नजर तिकडे गेली. वाटी टाचेवरून गोल गोल फिरत होती. आवाज नाही, अडखळणे नाही. तूप हळूहळू काळे होत होते, अगदी इंजिनाच्या वंगणासारखे काळे, आणि वाटी मात्र कितीएक वर्षे घासून जशीच्या तशी. मी पुढे सरकून बघत राहिलो. मी इतका वेळ टक लावून बघतो आहे हे पाहून आपल्या बहिणीने पदर सावरला आणि किंचित हसली. दादासाहेब, तिला वाटले मी तिच्याकडे पाहतो आहे. आणि मी त्याच क्षणी मांडीवर थाप मारून ओरडलो, "कासे! बेरिंगला कासे पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली असता मी वाटी घेतली. (पळवली हा शब्द हौसाबाईंचा आहे.) तांबटाने आधी नाही म्हटले. वापरातली वाटी भट्टीत घालू नये, घरधनिणीला विचारले का, असे तो दोनदा बोलला. मी त्याला सांगितले की घरधनीण आणि मी काही वेगळे नाही. या वाक्यावर मी आता पुष्कळ विचार केला आहे. त्याने वाटी लाल केली, ठोकली, आणि दांड्याच्या गोलाईवर बसवून तिची अशी कोर बनवली की बेरिंगमध्ये घातल्यावर दांडा जणू तेथेच जन्मला होता. मी वर साजूक तूप ओतले. काळुरामने वाफ सोडली. आणि इंजिन, दादासाहेब, इंजिन नुसते गुणगुणू लागले. फळी अशी बाहेर आली की तिच्यावर पाणी ठेवले तर कोणत्या बाजूला जावे हे त्यास कळू नये. तुपाच्या वासाने बंदरावरचे लोक कोणाकडे बुंदी पडते आहे म्हणून विचारीत आले. गणू नाखवा परत आला, फळीवरून हात फिरवला, आणि या वेळी पिचकारी बाजूला टाकली. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका आनंदात नव्हतो, आणि तो आनंद कोणाला सांगू असे झाले तेव्हा मी घरात धावलो.

आत्या पाय लांब करून बसल्या होत्या. आपली बहीण फडताळ, कोनाडे, चुलीमागची जागा सारे धुंडाळत होती. मी म्हटले, चल, दाखवतो. ती माझ्यामागे वखारीत आली. मी तिला इंजिनापाशी उभे केले आणि म्हटले, ऐक. तिने ऐकले. मग विचारले, "आईची वाटी यात आहे?" मी मोठ्या अभिमानाने हो म्हणालो. ती म्हणाली, "बरं." बस्स, एवढेच. ती रागावली असती तर मी उत्तर दिले असते. माझ्याकडे कासे, झीज आणि वंगण यांवर पुष्कळ उत्तरे तयार होती. सकाळी ती हौसाबाईंबरोबर निघून गेली.

(येथपासून मनात वाचावे.) ती वाटी आपल्या मातोश्रींनी लग्नात पाठवणीच्या वेळी तिच्या ओटीत घातली होती हे मला माहीत होते. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात ती ठाण्यास राहिली, तेव्हा हीच वाटी बरोबर नेऊन ती त्यांचे पाय चोळत असे, हेही मला माहीत होते. मला सर्व माहीत होते, आणि वाटी भट्टीत घालताना त्यातले एकही आठवले नाही. आठवला तो फक्त दांडा. आई आपलीही होती. आपण मला काय बोलाल ते मी ऐकून घेईन. (येथून पुन्हा मोठ्याने.)

तर मुद्दा असा की इंजिन उत्तम चालले आहे आणि मला कसलाही पश्चात्ताप नाही. अडचण फक्त आत्यांची आहे. वाटीवाचून त्यांच्या पायांची आग शमत नाही, आणि त्यांची शमली नाही की घरात कोणाचीच शमत नाही. मी पितळेची वाटी वापरून पाहिली. आत्या म्हणाल्या की हिच्यापेक्षा विस्तव बरा. करवंटी वापरली, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला आणि माझ्या आईचे नाव काढले. तरी ठाण्याच्या बाजारात चांगले कासे मिळते असे ऐकतो, आपण स्वतः ठोकून, आवाज ऐकून, एक वाटी निवडावी आणि एखाद्या विश्वासू माणसाच्या हाती कल्याणला पाठवावी. टपालाचा मला भरवसा नाही. विश्वासू माणूस शोधण्यास आपणास लांब जावे लागू नये, कारण अशी एक व्यक्ती सध्या आपल्याच घरी मुक्कामास आहे. पण तिला सवड असेल तरच. माझा काही आग्रह नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. साहेबाला सलाम सांगू नये, तो मला ओळखत नाही. लोभ आहे तो झिजू न द्यावा.

आपला
हरिहर

ता. क. वर इंजिन उत्तम चालले आहे असे लिहिले, ते पत्र लिहिण्यास बसलो तेव्हा चालले होते. मध्ये मी उठून वखारीत गेलो आणि ते बंद केले. काळुराम शिट्टी धरून रडकुंडीला आला. मी बेरिंग उकलले आणि कोर काढली. गणू नाखव्याला निरोप धाडला आहे की त्याच्या उरलेल्या फळ्या हातकरवतीवर निघतील. ज्यांना मी नारळ दिला होता त्यांच्या दारी मी स्वतः जाऊन आलो. त्यांनी मला बसायला सांगितले आणि पुष्कळ हसून घेतले. सारे बंदर हसते आहे. मयताची ती मंडळीही हसली. हे मोठ्याने वाचले तरी चालेल.

पुन्हा ता. क. नवी वाटी घेऊ नये. त्या कोरीची पुन्हा वाटी करून दे म्हणून मी तांबटाकडे गेलो होतो. तो म्हणाला, करीन, पण पुन्हा भट्टीत घातली तर ज्या हातांनी ती वर्षानुवर्षे वापरली त्या हातांची ती राहणार नाही. म्हणून परत आणली. संध्याकाळी आत्या कण्हू लागल्या, तेव्हा दुसरे काही सुचेना, म्हणून मी खाली बसलो, तूप लावले आणि त्या कोरीनेच त्यांची टाच चोळू लागलो. दादासाहेब, ती दांड्याच्या गोलाईवर ठोकलेली कोर टाचेवर नेमकी बसते. इतके चपखल बेरिंग मी इंजिनातही पाहिले नाही. आत्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, वाटीपेक्षा बरे आहे. मग थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाल्या, "हात मात्र सूनबाईचाच बरा." माझे मनगट अजून ठणकते आहे. इतकी वर्षे रोज हे काम करणाऱ्या माणसाचे स्वतःचे तळवे वैशाखात भगभगतात की नाही, हे आमच्या घरात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आपल्याकडे कोणी विचारले असेल तर उत्तर कळवावे.

शेवटचा ता. क. (हा ओटीवरून नव्हे, उठून माजघराच्या दाराशी उभे राहून वाचावा. आवाज कचेरीचा नको.) आपल्या घरी ती तुळसा. आमच्या घरी आत्यांची सूनबाई, हौसाबाईंची वहिनी, आणि माझ्या तोंडी "मंडळी", "अगं", "ऐकलं का". लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने मी तिचे नवे नाव लिहिले होते. एवढी हौसेने निवडलेली अक्षरे त्यानंतर मी एकदाही उच्चारली नाहीत, कारण तसे करत नाहीत. नाव घ्यायचे ते चारचौघांत आणि यमक जुळवून. मला यमक जुळत नाही. तरी आज चारचौघांत, आपल्या तोंडून घेतो. सकाळच्या गाडीला मी रोज दमणी जुंपून कल्याणच्या स्टेशनावर येतो. बैल आता न हाकता येतात आणि मास्तर मला खुर्ची देतात. घाई नाही. पण येशील त्या दिवशी संध्याकाळी आत्यांच्या आधी पाय तू पुढे करायचे आहेत. तूप मी काढून ठेवले आहे. कलावती, ये.